पान चौऱ्याऐंशीवरची उभी रेघ

"रेघकाका, सही करा आणि सुटा. छपाईवाले सकाळपासून डोक्यावर बसलेत."

साहेबांनी गणिताच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ पुढ्यात सरकवलं. पाठ्यपुस्तकांच्या त्या कार्यालयात रेघकाकांनी एकतीस वर्षं टाक आणि शाईनं आकृत्या काढल्या होत्या. शंकू, आलेख, बेडकाचं पोट, सगळं. गेली चार वर्षं आकृत्या संगणक काढायचा आणि रेघकाका तपासायचे, म्हणजे सुनेच्या स्वयंपाकाला सासूनं मान डोलवावी तसं. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

"साहेब, पान चौऱ्याऐंशी. हा आलेख जोडलाय."

"मग? आलेख जोडायचाच असतो."

"हा नाही. अंशात एक, छेदात क्ष वजा दोन. क्ष दोन झाला की छेद शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. डावी फांदी खालीच जात राहते, उजवी वरून येते. दोघींची गाठ पडत नाही. मध्ये तुटक रेघ हवी, नुसती कुंपणासारखी. संगणकानं खालचं टोक वरच्या टोकाला अखंड उभ्या रेघेनं बांधून टाकलंय."

साहेब हसले. "काका, तुमची मॅट्रिक गणितातच अडली होती ना?"

ते खरं होतं, आणि साहेबांना ते रेघकाकांनीच एका गमतीच्या दुपारी सांगितलं होतं. माणसानं आपलं उणं विनोदात सांगू नये. ऐकणारा ते जपून ठेवतो.

गणित ते आकृत्यांतूनच शिकले होते. पूर्वी एका म्हाताऱ्या लेखक-मास्तरांनी त्यांना शेजारी बसवून याच सूत्राच्या, म्हणजे फलनाच्या, किमती काढायला लावल्या होत्या. "दोनच्या उंबऱ्यापर्यंत कितीही जवळ जा," मास्तर म्हणाले होते, "दोनवर पाय ठेवता येत नाही." तेव्हापासून ती रेघ त्यांनी कधी एका दमात ओढली नव्हती.

"संगणक चुकत नाही," साहेब म्हणाले. "आणि जाता जाता वाद कशाला? शुक्रवारी तुमच्यावर मीच बोलणार आहे."

रेघकाकांनी पेन उचललं. 'तपासले' या शब्दाखाली सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली, याचंच त्यांना पुढं वाईट वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी एका दुपारी नात चाचणीचा पेपर घेऊन त्यांच्या खोलीत आली.

"आजोबा, दोन मार्क गेले. बाईंनी लिहिलंय, 'इथे फलनाला किंमतच नाही, रेघ कुठून आली?' पुस्तकातच आहे, मी काय करू?" तिनं पान उघडून आपटलं. चौऱ्याऐंशी. "हे तपासलं कुणी? त्याला डोळे नव्हते का?"

"होते," रेघकाका म्हणाले.

"मग?"

"दिसलं होतं त्याला. तरी सही केली."

तिचा आवाज उतरला. "तुम्ही?"

"बस इथं. क्षला एक पूर्णांक नऊ दशांश घाल."

तिनं पेन्सिल घेतली. "उणे दहा." मग दशांशापुढं दोन नऊ. "उणे शंभर." मग तीन. "उणे हजार. आजोबा, हे थांबणारच नाही."

"नाही थांबत."

"आणि दोनला?"

"दोनला काही नाही."

त्यांनी कपाटातून पत्र्याची पेटी काढली. पांढरा रंग दगड झाला होता. त्यात पाण्याचे दोन थेंब घालून घोटला. सगळ्यात बारीक ब्रश घेतला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि त्या अखंड रेघेत एकेक फट पाडायला सुरुवात केली. पुस्तकाच्या अडीच लाख प्रती निघाल्या होत्या. ही एक.

सातवी फट जरा वाकडी गेली.

"खाली सही करा ना," नात म्हणाली. "बाईंना दाखवते."

"सही राहू दे," रेघकाका म्हणाले, आणि रंग वाळेपर्यंत पान बोटानं दाबून धरून बसले.