मिर्यामला पहिली हाक

"मुलगी झाली तर मिर्याम ठेव. आणि मोठ्यानं हाक मारत जा, पुटपुटू नकोस."

शेवटच्या आजारात सासूबाईंनी सुनेचा हात पवित्र शास्त्रावर ठेवून हे सांगितलं होतं. सून तेव्हा पोटुशी होती. "हो आई," म्हणून मोकळी झाली. शब्द देताना काही जात नाही, जातं ते पाळताना. आता सासूबाई देवाघरी गेल्या होत्या, आणि वेळेआधी जन्मलेली ओंजळभर पोर इस्पितळात काचेच्या पेटीत निजली होती. अजून बिननावाची.

खोडा घातला तो नणंदेनं. डबा घेऊन आली आणि बाकावर टेकता टेकता म्हणाली, "वहिनी, ते नाव नको. माझ्या थोरल्या बहिणीचं तेच होतं. दात यायच्या आत गेली ती. आईनं इतकी वर्षं ते नाव तोंडातून काढलं नाही."

हे सुनेला कुणीच सांगितलं नव्हतं.

"शिवाय अर्थ ठाऊक आहे? कडू. घरात कडू बोलायला मी आहेच की. नावांचा काय दुष्काळ पडलाय?"

दुपारी पाळकसाहेब प्रार्थनेला आले. सुनेनं त्यांना व्हरांड्यातच गाठलं. "साहेब, मिर्याम म्हणजे कडू का हो?"

"काही जण तसं म्हणतात," चष्मा पुसत ते म्हणाले. "काही म्हणतात, बंड. काहींच्या मते, देवाकडे मागून घेतलेलं लेकरू. आणि नाव मूळ मिसर देशातलं असेल, तर लाडकी. मोशेची बहीण मिर्याम तिथलीच ना."

"मग खरं कुठलं?"

"खरं सांगू का बाई, नक्की कुणालाच ठाऊक नाही. जो तो आपल्या बाजूनं खणतो."

त्यांनी प्रार्थना केली, तीही 'आमेन' म्हणाली. पण मनातलं भूत उतरेना. एक अर्थ हवा होता, हाती आले चार. कडू आणि लाडकी एकाच नावात दबा धरून बसलेल्या. आपण हाक मारली, तर ओ कोण देणार?

काचेपलीकडे सिस्टर एकेका पेटीशी जात होती. हात आत घालण्याआधी वाकून लेकराचं नाव घ्यायची, जरा थांबायची. शेजारच्या पेटीतला पोरगा नाव ऐकून नुसता पाय हलवून निवांत राहिला. मग ती सुनेच्या लेकीपाशी आली, आणि मुकाट्यानं हात घातला. पोर दचकली. दोन्ही हात फेकले गेले, आणि छाती हलायची थांबली.

यंत्र वाजू लागलं. सिस्टरनं तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. सुनेच्या ओठांवर देवाचं नावसुद्धा येईना.

छाती हलली.

सिस्टर बाहेर आली. "अशी लेकरं मधेच श्वास विसरतात. आम्ही आहोत. पण ही दर वेळी दचकते हो. बाकीच्यांना आवाजानं कळतं, कुणीतरी येतंय. हिला थेट हातच लागतो. काय म्हणू मी हिला?"

"रूथ सांग," नणंद कुजबुजली. "नाहीतर रिबेका."

सुनेच्या जिभेवर रूथ आलंच होतं. तिनं ते गिळलं. "ताई, तुमच्या त्या बहिणीला आई हाक मारायच्या तेव्हा ती काय करायची?"

"मला काय विचारतेस, मी नंतरची." नणंद डब्याची कडी उघडझाक करत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा सांगायचे. आईचा आवाज आला की दूध टाकून मान वळवायची."

सुनेची भीती जिथल्या तिथे होती, तसूभर हलली नव्हती.

"सिस्टर, मी आत येऊ का? मिर्याम म्हणून पहिली हाक माझी असू दे."

सिस्टरनं दाराजवळच्या नळाकडे बोट केलं. सुनेनं बांगड्या काढून नणंदेच्या हाती दिल्या. सुनेनं कोपरापर्यंत साबण लावला, हात धुतले, आणि खांद्यानं दार ढकललं.