सातव्या प्रकरणावरचे अभिप्राय

पुस्तक वाचून संपलं तरी अक्काचं समाधान होईना. तिला आता लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. कोण काय म्हणतं, कुणाला आवडलं, कुणी शिव्या घातल्या, सगळं. कामिनी बिचारी दुपारची भांडी आटोपून जरा पाठ टेकायला यायची, तर अक्का पलंगावर तयारच असायची, मोबाइलच्या दिशेनं कान करून.

"तो धुळ्याचा काही बोलला का आज?"

"अगं अक्का, त्याला दुसरे उद्योग नाहीत का? रोज काय लिहील तो?"

"पाहाय तरी."

अक्का म्हणजे कामिनीची आई, सुनंदाबाई. सासरी ती थोरली सून. दीर-नणंदा अक्का म्हणायचे, ते ऐकून पोटची पोरंही अक्काच म्हणायला लागली. वरणगावच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथं केळीचा मळा. काचबिंदूनं अक्काचे दोन्ही डोळे गेले तेव्हा कामिनीनं तिला जळगावात, पिंप्राळ्यात स्वतःकडे आणलं. जावई भला माणूस. त्यानंच पहिल्या आठवड्यात सासूच्या पलंगाशेजारी टीव्ही हलवला, कारण म्हातारीला दिसत नसलं तरी 'अदृश्य नाका' चुकवायची नव्हती.

'अदृश्य नाका' ही हेरांची मालिका. पाच-सहा वर्षांपूर्वी तिनं सगळ्यांना वेड लावलं होतं. इंद्रनील नावाचा सरकारी हेर, आज भंगारवाला तर उद्या डॉक्टर, घरदार सोडून देशासाठी हिंडणारा. इतर बायका तो देखणा म्हणून बघायच्या. अक्का वेगळ्याच कारणानं बघायची, आणि ते कारण होतं नवल.

नवल हा कामिनीचा थोरला भाऊ. बारा गावचं पाणी प्यायची हौस असलेला, हसरा, बोलघेवडा. दिल्लीकडे नोकरी लागली म्हणून गेला. कसली नोकरी म्हणून विचारलं तर हसायचा आणि म्हणायचा, "ते सांगायचं नसतं." काही महिने फोन आले, मग बंद झाले. पोलिसांत तक्रार झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, वडील शोधून शोधून थकले आणि त्याच दुःखात गेले. गावानं नवलला मनातल्या मनात अग्नी दिला. अक्कानं मात्र 'सांगायचं नसतं' एवढेच शब्द धरून ठेवले. मालिका सुरू झाल्यावर तर तिला सगळं लख्ख कळलं. पोरगा सरकारच्या गुप्त कामात आहे. काम संपलं की येईल. गावातली कार्टी टिंगल करायची, "काय अक्का, तुमचा हेर काय म्हणतो?" अक्का शांतपणे सांगायची, "त्याचं काम चालू आहे."

कामिनीनं तिचा भ्रम कधी मोडला नाही. कशाला मोडायचा? त्यावर तर ती जगत होती.

आणि आता ही कादंबरी आली, 'नाक्याच्या अलीकडे'. मालिका सुरू होते त्याआधी इंद्रनीलचं काय झालं, त्याची गोष्ट. अक्कानं जाहिरात ऐकल्या ऐकल्या ती मागवायला लावली. रोज दुपारी कामिनी वाचायची आणि अक्का डोळे मिटून ऐकायची. सहा प्रकरणं मजेत गेली. सातव्यात माशी शिंकली.

मालिकेत एक भाग होता, तो ज्यानं पाहिला तो रडला. इंद्रनील वेष पालटून स्वतःच्याच गल्लीत येतो, स्वतःच्याच दारात भीक मागतो. कोपऱ्यावर शत्रूचा माणूस टपलेला. आई त्याला ओळखते. पण चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. "पुढं जा बाबा," म्हणते आणि दार लावते. पुढं इंद्रनील आपल्या साहेबाला सांगतो, "आईनं ओळख दाखवली नाही, म्हणून मी जिवंत आहे."

कादंबरीच्या लेखकानं त्याच प्रसंगाची पार वाट लावली. सातव्या प्रकरणात कोपऱ्यावर शत्रू नव्हताच. इंद्रनील कुठल्या कामावरही नव्हता. त्याला सगळं सोडून घरी यायचं होतं. दाढी वाढलेली, पोटात अन्न नाही, असा तो दारात उभा राहिला आणि आईनं त्याला हाकललं. तिला तो ओळखू आला नाही, असं तो समजला. त्यानंतर तो घराकडे फिरकला नाही. साहेबाला सांगितलेली ती गोष्ट त्यानं स्वतःची समजूत घालायला रचलेली होती.

हे वाचून झालं तेव्हा अक्का म्हणाली, "पुन्हा वाच."

कामिनीनं पुन्हा वाचलं. त्या दिवशी अक्का जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी चिवडून ताट सरकवलं. भरताचं वांगं भाजलं, शेवभाजी केली, तरी तेच. दुपारी गल्लीतून कुणी हाक मारत गेलं की ती दचकून उठून बसायची आणि दाराकडे तोंड करून कितीतरी वेळ तशीच राहायची. त्या घरात आपल्याला दिसत नाही असं कुणीतरी उभं आहे, असं कामिनीला वाटायला लागलं. जावई म्हणाला डॉक्टरला दाखवू. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या उशाखाली राहिल्या.

आणि हे अभिप्रायांचं खूळ निघालं.

पुस्तकं विकणाऱ्या त्या साइटवर नुसती रणधुमाळी चालली होती. पुण्याच्या एका मुलीनं पाच तारे देऊन लिहिलं होतं की लेखकानं खोट्या देशप्रेमाचा बुरखा फाडला. नाशिकच्या गृहस्थांना पैसे परत हवे होते. आणि धुळ्याचे धनसिंग, देवपुरात राहणारे निवृत्त मास्तर, रोज अहिराणीत नवा अभिप्राय टाकत होते. त्यांचं लिहिणं अक्काला फार आवडायचं.

"पुस्तक चांगलं शे," कामिनी वाचत होती, "भाषा चांगली शे, छपाई चांगली शे. पन त्या मायले लेखकनी बदनाम करं. आंधळी माय बी पोऱ्याना पायना आवाज वळखस. हाई लेखकले माय शे का नही?"

अक्काचा चेहरा जरा उजळला. "माणूस शहाणा आहे. आजून कोनी?"

"हे एक आहे, नाव नाही दिलेलं. 'सगळे उगाच भांडत आहेत. मालिकाही खरी आणि पुस्तकही खरं. आईनं ओळखलं होतं. मुलाला ते कधी समजलं नाही. दोघांचीही चूक नाही, म्हणूनच हे प्रकरण वाचवत नाही.'"

अक्कानं चाचपडत कामिनीचा हात धरला.

"कामिनी, माह्या नावानं लिही."

"काय लिहू?"

"तेच. लोकायले सांग. आईनं वयखलं होतं. म्या वयखलं होतं."

कामिनीला आधी वाटलं, म्हातारी पुस्तकातलं आणि स्वतःचं एक करते आहे. "अगं, इंद्रनीलच्या आईबद्दल चाललंय ते."

"माह्याबद्दल चाललंय," अक्का म्हणाली. "नवल आला होता."

बाहेर शेजारणीचा मिक्सर घरघरत होता. कामिनीनं मोबाइल पलंगावर पालथा ठेवला.

अक्कानं सांगितलं ते तुटक, मध्ये मध्ये दम घेत. टाळेबंदीतली गोष्ट. रस्त्यानं माणसांची रीघ लागलेली, कुणी सुरतेहून चालत, कुणी मुंबईहून. गावानं वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही म्हणून. तरी एक माणूस मळ्याच्या वाटेनं आत आला. वाळलेला, पायात धड चप्पल नाही, नाकातोंडाला फडकं बांधलेलं. अक्काला तेव्हा अंधुक दिसत होतं. तो ओट्याशी थांबला आणि म्हणाला, "अक्का, पानी दे."

"म्या लगेच वयखलं," अक्का म्हणाली. "पन समोर अभिमन उभा. आपला अभिमन गं, त्या वेळी काठी घेऊन गावात पहारा करायचा. तो टक लावून पाहे. आदल्याच दिवशी टीव्हीवर तो भाग लागला होता. मले वाटलं, पोरगा कामावर आहे. वेष पालटून आला. म्या जर नवल म्हनलं तं याचा जीव जाईल. म्हनून म्या म्हनलं, इथं कोनी नही, पुढं जाय बाबा."

"पाणी?"

"पानी बी नही देल्लं. त्या टीव्हीतलीनं नव्हतं देल्लं."

कामिनीला ओरडावंसं वाटलं. अभिमन! गावचा खुळा अभिमन, ज्याला धड बैल सांभाळता येत नव्हते, तो शत्रूचा माणूस! मालिकेतल्या एका भागापायी या बाईनं घरी आलेल्या पोराला तहानलेलं पाठवलं. आणि वर एवढी वर्षं मनात अभिमान बाळगून बसली, की आपण पोराला वाचवलं. सातव्या प्रकरणानं तो काढून घेतला, तेव्हापासून अन्न गिळेनासं झालं.

"तो काय म्हणाला मग?"

"काहीच नही. उभा राह्यला जरा वेळ. मंग गेला. म्या आत जाऊन देवाले दिवा लावला. खुश होती मी, कामिनी. मले वाटलं, त्याले समजलं असंल. माय काहून बोलली नही ते त्याले समजलं असंल." तिनं कामिनीकडे तोंड वळवलं. "त्याले नही समजलं ना?"

आता बोलायला हवं होतं. कामिनीनं मन घट्ट केलं.

"अक्का, ऐक. तो नवल नव्हता."

"म्या वयखलं होतं."

"कशावरून? तोंडाला फडकं होतं. तुला नीट दिसतही नव्हतं."

"अक्का म्हनला."

"अगं, आपल्या खानदेशात कुणाही पोक्त बाईला अक्काच म्हणतात! केळीवाला अक्का म्हणतो, रिक्षावाला अक्का म्हणतो, काल सिलिंडर घेऊन आला तोही अक्काच म्हणाला. तो कुणीतरी वाटसरू होता. चालत चालत आपल्या घरी गेला असेल. त्याच्या आईनं त्याला पाणी दिलं असेल."

हे बोलताना तिच्या मनात येऊन गेलं, की नवल त्याच्या आधीच, दिल्लीकडे कुठंतरी, पहिल्याच वर्षी मेलेला असला तर किती बरं. म्हणजे ओट्यापासून माघारी गेलेला तो नव्हता. सख्ख्या भावाचं मरण आपण मागतो आहोत हे ध्यानात आलं तशी तिला स्वतःचीच भीती वाटली. पण मागणं काही मागे घेतलं नाही. तो मेलेला परवडला. पण पाण्यावाचून, आईनं ओळखलं नाही असं समजून, अजून कुठंतरी चालत असलेला नको.

अक्कानं पदरानं डोळे पुसले. बोलली तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता.

"तो नवल नव्हता म्हनशील, तं मंग माहा पोरगा कधी आलाच नही. येकदा बी नही. तसं नको म्हनू. म्या हाकललं ते चालंल मले, त्याचं पाप मी भोगीन. पन तो घरी आला होता."

कामिनीनं आईला कुशीत घेतलं. केवढीशी झाली होती ती! दोघी रडल्या. रडून झाल्यावर अक्का म्हणाली, "लिही आता."

कामिनीनं लिहायला घेतलं. तारे किती द्यायचे म्हणून विचारलं तर अक्का म्हणाली, सगळे दे, लेखक खोटं नही बोलला. मग तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहिलं. आईनं वयखलं होतं. समोर माणूस उभा होता म्हणून ती बोलली नाही. पाणी द्यायला पाहिजे होतं, ते चुकलं. धनसिंग मास्तरांचं म्हणणं बरोबर आहे, पण पुण्याच्या पोरीचंही चूक नाही.

"पत्ता टाक."

"अक्का, असा पत्ता टाकू नये. कुणीही येईल."

"येऊ दे कोनी बी. मी आता गावी नसते हे त्याले कसं कळंल?"

कामिनीनं गल्ली लिहिली, घराचा नंबर लिहिला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची खूण लिहिली. नवऱ्याला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. खाली 'सुनंदाबाई' लिहिलं होतं, ते खोडून तिनं 'अक्का' केलं आणि बटण दाबलं.

"गेला?"

"गेला."

"त्यानं वाचला तं आपल्याले कळंल का?"

"नाही अक्का. कोण वाचतं ते कळत नाही."

अक्कानं मान हलवली.

"नही कळलं तरी चालंल," ती म्हणाली. "त्याले कळलं म्हंजे झालं."