गप्प राहायची जागा

मी चित्रपट सांगते. गोष्ट नव्हे, पडद्यावर जे दिसतं ते, ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात सांगते. आमच्या अंधांच्या संस्थेच्या सभागृहात बाजूच्या भिंतीला एक काचेची खोली आहे. तिच्यात मी माईक घेऊन बसते आणि प्रेक्षक हेडफोन लावून ऐकतात. पात्रं बोलत असली की आपण तोंड मिटायचं आणि ती थांबली की त्या फटीत मावेल तेवढं घालायचं: कोण आत आलं, कोणी मान फिरवली, टेबलावर काय ठेवलंय. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की तोंडाला फेस येतो.

मला चित्रपटातलं कळतं असं माझं मत आहे, आणि ते मी कधी लपवून ठेवलेलं नाही. रविवारच्या फिल्म मंडळात सहसा कोणी माझ्या वाटेला जात नाही. भयपटांबद्दल माझं म्हणणं पक्कं होतं: ज्याला माणसाच्या मनातलं दाखवता येत नाही, तो दार करकरवतो. हल्लीचे भयपट तसे नसतात, त्यांत दुःख असतं, एकटेपण असतं, असं मंडळातली तरुण पोरं सांगायची. मी म्हणायचे, माकडाला कोट घातला म्हणून त्याचा मास्तर होत नाही. पोरं गप्प बसायची आणि मला वाटायचं मी जिंकले.

आणि नेमकी माझी धाकटी बहीण भयपटांची वेडी. लहानपणी बाबा तिला भित्री भागूबाई म्हणायचे. अंधारात पाणी प्यायलाही उठायची नाही, पण असला चित्रपट लागला की सगळ्यांच्या पुढे, डोळ्यांवर बोटं आणि बोटांत फट. तिच्या डोळ्यांचा आजार मोठेपणी कळला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. तीन वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला आणि मी तिला माझ्या घरी आणलं. आईबाबा आता नाहीत. तिला मी आणि मला ती, एवढंच आमचं घर.

तेव्हापासून मी तिला दिवसभर सांगतेच आहे. समोर खुर्ची आहे. उंबरठा आला. चहा गरम आहे, कप डाव्या हाताला. गॅसला मी तिला हात लावू देत नाही. जिना उतरताना माझा हात तिच्या कोपराला असतो. शेजारपाजारचे म्हणतात, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं.

यंदा, ती पूर्वी नोकरीला होती त्या बँकेने तिला परत कामावर घ्यायचं ठरवलं. वाचून दाखवणाऱ्या संगणकावर ती संस्थेतच तयार झाली होती. शाखा मात्र मिळाली शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग शाखेच्या मागच्या गल्लीत तिने एक खोली शोधली, तीही फोनवरून आणि माझ्या नकळत. घरमालकीण मावशी बोलायला चांगल्या होत्या, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं: तुम्हाला दिसत नाही, एकट्या राहणार, उद्या काही झालं तर मी कोणाकडे बघू? तुमच्या ताईंनी स्वतःच्या तोंडाने मला हो म्हणावं, मग खोली तुमची. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, दुसरेही लोक मागतायत.

"कळवशील?" धाकटीने विचारलं.

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू. खोली कशाला हवी? जायला-यायला बस आहे. सोबतीला मी आहे."

"आणि तुझं काम? रोज मला पोचवणार, संध्याकाळी आणायला येणार. असं किती वर्षं करशील?"

मी भाजी चिरत होते. माझा चेहरा तिला दिसत नाही, पण सुरी जोरात चालायला लागलेली तिला ऐकू आली असणार.

त्याच आठवड्यात संस्थेत पुढचा चित्रपट ठरायचा होता. धाकटीने एक नवा भयपट सुचवला आणि सगळ्यांनी तो उचलून धरला. आमचे टेलिफोनवाले काका, म्हणजे टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले जन्मांध सभासद, म्हणाले, "बाई, तुम्ही आम्हाला नुसते म्हातारे आणि नद्या दाखवताय. एकदा भूत दाखवा की." सगळे हसले. बहुमतापुढे माझं काही चालेना, म्हणून मी नाक मुरडत हो म्हटलं.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. नवरा गेल्यावर एक बाई लांबच्या एका घरात राहायला येते आणि त्या घरात आणखी कोणीतरी आहे. मध्यावर एक प्रसंग येतो. वीज जाते. ती तळघराच्या जिन्यावर बसते. वर जायची भीती वाटते आणि खाली जायचीही. बराच वेळ काही होत नाही, संवाद नाहीत, संगीत नाही. मग तिच्या श्वासाच्या मागे दुसरा एक श्वास ऐकू येतो.

मला तिथे काय दिसलं? मोकळी जागा. मी ती भरून टाकली. ती भिंतीला टेकली आहे. केस विस्कटलेत. पायऱ्या लाकडी आहेत. झरोक्यातून थोडा उजेड येतोय. मागचं दार किलकिलं झालं. दाराच्या कडेवर चार बोटं. असं एकामागून एक मी सांगत गेले, आणि अर्ध्या तासात तो भाग लिहून हातावेगळा केला.

आमच्याकडे आधी चार-पाच सभासदांसमोर चाचणी होते. जिन्याचा प्रसंग आला तेव्हा मी काचेतून बघितलं, तर काका बिस्किट खात होते आणि मागच्या दोघी कुजबुजत होत्या. संपल्यावर मी बाहेर येऊन विचारलं, कसं वाटलं?

"छान," काका म्हणाले. "मधे एक डुलकीपण झाली."

"चित्रपटच तसा आहे काका. असल्या चित्रपटांत काही नसतंच, मी कुठून आणू?"

धाकटी हेडफोन मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "ताई, त्या जिन्यावर मला भीती वाटली नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

"कारण तू होतीस. सारखी. केस काय, पायऱ्या काय. आपलं माणूस कानात बोलतंय म्हटल्यावर भीती कसली? ती बाई एकटी होती. आम्ही नव्हतो."

"मग सांगायचंच नाही का? दिसत नाही म्हणून तर मला बसवलंय ना इथे?"

"तो नदीकाठच्या म्हाताऱ्याचा चित्रपट आठवतो? तो मुलाची वाट बघत पाण्याशी बसतो. तिथे तू एक वाक्य बोललीस आणि गप्प झालीस. कितीतरी वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मी रडले होते. घरी येऊन तू म्हणालीस, असल्या शांततेत आपण लुडबुड करायची नसते."

"तो मोठा चित्रपट होता."

"म्हणजे तिथे होती ती शांतता, आणि इथे आहे ती रिकामी जागा. ठरवलं कोणी?"

मला राग आला. एखाद्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं की येतो तसा. मी हेडफोन गोळा करायला लागले आणि गरज नसताना दोनदा मोजले.

बसमध्ये तिला खिडकीशी बसवलं आणि मी म्हणाले, "मला एक सांग, हे असलं तुला आवडतं तरी का? आधीच काय कमी..." आणि थांबले.

"आधीच काय कमी अंधार आहे. म्हण की." ती चिडली नव्हती. "ताई, मी रोज घाबरते. भांडं पडलं की घाबरते. तू दुकानात गेलीस आणि उशीर झाला की घाबरते. आणि जो तो मला सांगतो, घाबरू नकोस, घाबरण्यासारखं काही नाही. आहे ना पण. त्या चित्रपटात निदान कबूल तरी करतात की आहे. आणि मग ती बाई तशीच, घाबरलेलीच, उठून उभी राहते. मला ते हवं असतं. तू ते होऊच दिलं नाहीस."

आपला थांबा आला, असं मी सांगायच्या आधीच ती उठली होती. वळणं मोजत आली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी तो चित्रपट पुन्हा लावला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच बघितला, कारण आधी मी फक्त त्याच्यातली मोकळी जागा हेरली होती. आता दिसलं, की त्या प्रसंगात कॅमेरा जागचा हलत नाही. ती बाई रडत नाही, ओरडत नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसते, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसावं तशी. ते बसणं मला ओळखीचं होतं. आजार कळला त्या वर्षी धाकटी पलंगाच्या कडेला तसंच बसायची आणि मी रेडिओ मोठा करायचे. मंडळात ज्याला मी संयम म्हणते आणि ज्यावर तासभर बोलते, तो इथे होता. पोस्टरवर रक्त होतं म्हणून मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

मग मी वाक्यं काढायला बसले. केस काढले, पायऱ्या काढल्या, झरोका काढला. बोटांपाशी अडले. डोळस प्रेक्षकाला बोटं दिसतात, मग यांना का नाही? पण डोळस प्रेक्षकाला ती दिसतात तेव्हा शेजारी बसून कोणी मायेने सांगत नसतं. शेवटी बोटंही काढली. उरली दोन वाक्यं: वीज जाते. ती जिन्यावर बसते. त्यानंतर ती उठेपर्यंत मी गप्प.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. मी धाकटीला तिच्या खुर्चीपर्यंत न्यायला गेले, तर तिने हळूच कोपर सोडवून घेतलं. "तिसरी रांग, कडेची. सापडेल मला." ती चाचपडत गेली, एकाच्या पायाला अडखळली, सॉरी म्हणाली आणि बसली. मी काचेच्या खोलीत गेले. आत उकडत होतं म्हणून दार उघडंच ठेवलं.

जिन्याचा प्रसंग आला. "वीज जाते. ती जिन्यावर बसते," मी म्हणाले आणि माईकच्या बटणावरचा अंगठा उचलला.

सभागृहात काही हललं नाही. याआधी मी कधी अशी शांतता ऐकली नव्हती. माझ्या धंद्यात ती ऐकायची सवयच नसते. काकांच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. एका बाईने शेजारणीचा दंड धरला. धाकटीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिने धरलं ते स्वतःचंच मनगट.

मग तिने हाक मारली. "ताई?"

मोठ्याने नाही. पण दार उघडं होतं, मला ऐकू आलं. माझा अंगठा परत बटणावर गेला. नुसतं 'मी आहे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, तिचे खांदे लगेच खाली आले असते. तीन वर्षांत तिची एकही हाक मी खाली पडू दिली नव्हती.

"ताई, आहेस ना?"

मी काळजावर दगड ठेवला आणि अंगठा काढून हात मांडीखाली दाबून बसले. त्याच वेळी तो दुसरा श्वास आला. मागून कोणीतरी किंचाळलं. धाकटी पुढे वाकली, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत वाकली, आणि मला वाटलं आता ही हेडफोन फेकून देणार, उठून धडपडणार, पडणार. ती तशीच राहिली. नंतर हळूहळू सरळ झाली आणि तिने मान वर केली, पडद्याच्या दिशेने.

"ती उठते," मी म्हणाले.

चित्रपट संपल्यावर लोक उगाचच मोठमोठ्याने बोलत, हसत बाहेर पडले. काका काचेपाशी येऊन म्हणाले, "बाई, आज बिस्किटाचा चुरा झाला," आणि काठी टेकत गेले. धाकटी जागेवरच होती. मी जाऊन शेजारी बसले. तिचे हात गार पडले होते.

"तू होतीस?" तिने विचारलं.

"होते."

"ऐकलंस?"

"ऐकलं. दोन्ही वेळा."

ती रडली. मी तिला रडू दिलं, पाणी आणू का असंही विचारलं नाही. नंतर तिने ओढणीने तोंड पुसलं. "दिसेनासं झाल्यापासून पहिल्यांदा असं झालं," ती म्हणाली. "मी हाक मारली आणि कोणी आलं नाही."

"रागावलीस?"

"तेव्हा खूप. वाटलं, उठून येऊन तुझा गळाच धरावा. मग वाटलं, आता बसावं लागणार. आणि बसले."

बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती. मी पर्समधून फोन काढला आणि धाकटीने देऊन ठेवलेला घरमालकीण मावशींचा नंबर लावला. धाकटीला बटणांचे आवाज ऐकू आले. मी मावशींना सांगितलं की मी मोठी बहीण बोलतेय, माझं हो आहे, काही लागलं तर मला कधीही फोन करा. मावशी म्हणाल्या, सही नंतर करा, तुमचा शब्द पुरे. मग जरा घुटमळल्या.

"एक विचारू का हो? रात्रीबेरात्री एकटी असेल, आसपास ओळखीचं कोणी नाही. घाबरणार नाही ना ती?"

माझ्या तोंडाशी नेहमीचं उत्तर तयार होतं, छे हो, घाबरण्यासारखं काय आहे. धाकटी माझ्या बाजूला कान देऊन बसली होती.

"घाबरेल," मी म्हणाले. "पण राहील."