कमरेची सुरगाठ

ताडपत्र्या शिवायच्या त्या कारखान्यात थोरल्या बाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर दोन मशिनींच्या त्यांनी आठ मशिनी केल्या, लेक वाढवला, सून आणली. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. पण त्यांनी दोराला मारलेली गाठ वादळवाऱ्यात सुटली, असं सांगत आजवर कुणी दारात आलं नव्हतं. भित्र्या माणसाची तर त्यांना मनस्वी चीड.

त्या दिवशी सासू-सुना जंगलातल्या चौकीच्या छपराचं माप घ्यायला निघाल्या. गाडी डोंगराखालीच राहिली, पुढे दोन तासांची पायवाट. वनरक्षक बजावून पुढे गेला होता, "धुकं आहे, एका अंगाला कडा आहे. दोघी एका दोरानं बांधून घ्या."

थोरल्या बाईंनी दोर काढला. सुनेच्या कमरेला निरगाठ मारली, ओढून बघितली. स्वतःच्या कमरेला मात्र सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटणारी. का, ते त्यांनी स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

"आई, जरा दमानं चला की."

"तुझ्या वयाची असताना मी डोक्यावर ताडपत्री घेऊन डोंगर चढायचे! आणि तुला रिकाम्या हातानं धाप?"

तेवढ्यात आवाज आला. ओली ताडपत्री दगडांवरून कुणी फरफटत न्यावी तसा. मग थांबला. मग तीन ठोके, आणि एक लांब हुंकार. माणसाचा नव्हे, जनावराचाही वाटेना. आधी मागून आला, मग डोक्यावरून, मग अगदी कानाशी.

थोरल्या बाईंचा हात कमरेला गेला. हिसका दिला आणि त्या पळत सुटल्या.

मागून "आई!" अशी हाक आली, दगड गडगडले. ऐकू आलं नाही, असं पुढे त्या स्वतःला पुष्कळ समजावणार होत्या. पण ऐकू आलं होतं.

चौकीवर पोचल्यावर त्यांनी नुसतं मागे बोट दाखवलं. वनरक्षक धावत गेला आणि सुनेला आधार देत घेऊन आला. तिचे तळहात सोलले होते, उजवा पाय सुजून टम्म झाला होता.

"आवाज ना?" तो म्हणाला. "अधूनमधून येतो. अकरा वर्षं शोधतोय, कशाचा ते कळत नाही. पण आजवर त्यानं कुणाचं काही वाकडं केलेलं नाही."

मग त्याची नजर सुनेच्या कमरेला लोंबणाऱ्या दोराच्या मोकळ्या टोकावर गेली.

"आईंची गाठ मीच मारली होती," सून हळूच म्हणाली. "सैल राहिली असेल."

घरीही तिनं तेच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत तिनंच मोजली. दोराचं टेबल त्या सोमवारपासून तिच्या हाती यायचं होतं. सगळ्या गाठी तिथं पडायच्या, कारखान्याची अब्रू त्या टेबलावर. तीन वर्षं तिनं त्यासाठी बोटं फोडून घेतली होती.

"राहू दे सध्या," लेक बायकोला म्हणाला. "माणूस सुटतं तुझ्या गाठीतून, माल काय टिकणार?"

ताडपत्र्यांना कड्या ठोकणारी बाई खिदळली, "सासूला कड्यावर मोकळं सोडलंस होय गं? आमच्या नाही कधी हे डोक्यात आलं!"

बायका हसल्या. सून मान खाली घालून आपल्या जुन्या मशिनीवर बसली. थोरल्या बाई गप्प. एरवी मुंगी शिंकली तरी चार शब्द सुनावणारी बाई, आज तोंडाला कुलूप.

दुपार कलली. सुनेचा सुजलेला पाय मशिनीच्या पायपट्टीवर खाली-वर होत होता. दर टाक्याला ती ओठ दाताखाली दाबत होती. आवाज करत नव्हती.

"मशिनी बंद करा," थोरल्या बाई उठल्या.

आठही मशिनी थांबल्या.

"दोन्ही गाठी मी मारल्या होत्या. हिला निरगाठ, मला सुरगाठ. आवाज आला, मी हिसका दिला. ही पडली, हिनं हाक मारली, मी ऐकली. आणि पळाले."

कड्यावाली चाचरत म्हणाली, "घाबरला असाल हो. जंगल ते. हात चुकतो माणसाचा."

"माझा हात चुकत नाही!" जुना ताठा क्षणभर वर आला, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. आवाज उतरला. "गाठ मारली तेव्हा आवाज आलाच नव्हता."

सुनेनं मान वर केली. सासू भ्याली, हे तिला ठाऊक होतं, ते तिनं पोटात घातलं होतं. हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

ती उठली आणि लंगडत दोराच्या टेबलाशी जाऊन बसली. लेकानं मुकाट्यानं वाट दिली. थोरल्या बाईंनी एक स्टूल ओढत आणलं, वर चिंध्यांची घडी ठेवली, तिच्या पायापाशी सरकवलं. उभ्या हयातीत त्यांनी कुणासाठी असं वाकून काही ठेवलं नव्हतं.

सुनेनं स्टुलाकडे पाहिलं. पाय जमिनीवरच ठेवला.

"दोर द्या," ती म्हणाली. आई म्हणाली नाही.

थोरल्या बाईंनी दोर दिला.