आपोआप दुरुस्त

बाबांच्या चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढून झाला की कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं. गिऱ्हाइकाचं कार्ड छापून बाहेर यायचं. धाकटी मुलगी बालवाडीत असताना बाबांनीच तो प्रोग्रॅम लिहिला होता. आज कार्डाऐवजी निरोप आला: लायब्ररी सापडत नाही. आणि कोडमधला तारखेचा शब्द निळा झाला.

"साधी तारीख लिहायला चुकलो की काय मी?" बाबांनी त्या शब्दाचं स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासलं.

"दादा, कपाळावरचा चष्मा तू घरभर शोधतोस, ते काय आजचं आहे?" गल्ल्यावरून आत्या म्हणाली.

बाबांच्या शेजारी उभ्या धाकटीला हसू आलं नाही. तारखेचा काही दोष नव्हता. प्रोग्रॅमची लायब्ररीशी, म्हणजे त्याला लागणाऱ्या मदतनीस फाइलीशी, जोडणी तुटली की कॉम्प्युटर भलत्याच शब्दावर बोट ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. ती कुणामुळे तुटली, हेही. बाबा प्रोग्रॅमची फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणतात. काल तिने ती आपल्या नव्या लॅपटॉपवर उघडली, बाबा कोड कसा लिहितात ते बघायला. बदललं काहीच नाही, पण सवयीने सेव्ह केली. लॅपटॉपने कार्ड छापणाऱ्या वर्डच्या जुन्या लायब्ररीच्या जागी परस्पर स्वतःकडची नवी जोडली. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती नव्हतीच.

बाबा गिऱ्हाइकाला घेऊन तपासणीच्या खोलीत गेले. तिने लायब्रऱ्यांची यादी उघडली, 'मिसिंग' लिहिलेल्या ओळीवरची टिक काढली, जुन्या वर्डवर टिक केली. झालं. आता कशाला सांगायचं?

बाबांनी येऊन बटण दाबलं. कार्ड आलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"मी तर काहीच केलं नाही. की केलं आणि विसरलो?" मग हळूच आत्याला, "उद्यापासून नंबर काढायला दुसरं कुणी बघ. माझं डोकं असं चालत असेल, तर लोकांच्या डोळ्यांशी खेळ नको."

आत्या गल्ल्यावरून उठून त्यांच्यापाशी आली.

"बाबा, मी बिघडवलं होतं," धाकटी म्हणाली. "काल, लॅपटॉपवर. आणि मघाशी मीच नीट केलं."

"मी आत असताना?"

"हो."

"बिघडवलंस त्याचं काही नाही गं. पण मी वेड्यासारखं स्पेलिंग तपासत होतो आणि तू बघत होतीस?"

बाबांनी पेन ड्राइव्ह काढून तिच्यापुढे धरला.

"लॅपटॉप आहे ना पिशवीत? परत बिघडव."

"कशाला?"

"मला स्वतःला शोधायचंय. आणि तू तोंड उघडायचं नाही."

तिने फाइल उघडून सेव्ह केली आणि पेन ड्राइव्ह परत दिला. बाबा जुन्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले, एकेक मेनू उघडून बघू लागले. हव्या त्याच मेनूवरून दोनदा पुढे निघून गेले. धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले. आत्या दारातल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बसा जरा. वेळ लागेल."