एकाच डोळ्यापुरती जागा

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळी, जड लोखंडी पाय आणि डोळा लावायला एकच भिंग. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मी कितीतरी मुलांना दाखवल्या. ‘अगं, खरंच दिसतंय!’ असं कोणी ओरडलं की मला कोण आनंद व्हायचा!

मग इथेच शिकून मोठ्या झालेल्या एका बाईंनी देणगी दिली. त्यातून पडद्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले. त्यांतलं सगळ्या वर्गाला एकदम दिसतं. मला खिडकीशी सरकवलं. वाईट वाटलं, पण मुलांचं भलं झालं ना, म्हणून मन घट्ट केलं.

भलं झालं होतं, तर मग एका शनिवारी एक लांब वेणीची मुलगी माझ्याशेजारी बसून का रडत होती? माझा पार गोंधळ उडाला.

त्या बाई दर शनिवारी मुलांना मदत करायलाही येत. त्यांनी तिला पाहिलं.

“काय गं, काय झालं?”

“मॅडम, मी शिक्षण सोडतेय.”

“मॅडम नको, ताई म्हण. फीची अडचण आहे का?”

“फी तर तुमच्याच देणगीतून भरली गेली की! मी हवेचा बुडबुडा पेशी म्हणून दाखवला, पडद्यावर. सगळे खो खो हसले. आता मला बुडबुडाबाई म्हणतात.”

ताईंचा चेहरा उतरला. मला मात्र कळेना, एवढी चांगली वस्तू पोरीच्या डोळ्यांत पाणी कशी आणते?

ताईंनी रुमालाने माझं भिंग पुसलं. “बस इथे. यात एकालाच दिसतं. कितीही चुकलीस तरी मला कळणार नाही. पापुद्र्यावरची काच तिरकी टेकव, हवा निघून जाईल. हळू! गाडी सुटतेय का तुझी?”

पुन्हा बुडबुडा. मग आणखी एक. मग ती भिंगावर आणखी वाकली.

“ताई, विटा रचल्यासारखं दिसतंय!”

“बघू?”

“थांबा ना, मीच बघतेय अजून!”

सोमवारी ती माझ्याकडे आलीच नाही. थेट पडद्यापाशी गेली आणि सर्वांसमोर काच ठेवली. मी हसावं की रुसावं, मला अजून उमगत नाही.

मित्रांनो, कोणाला काही दिलंत, तर देऊन लगेच उठू नका, घटकाभर शेजारी बसा. आणि माझी धूळ अधूनमधून झटकत जा. कोणाला तरी पुन्हा गुपचूप चुकायचं असेल.