रंगकाकांचा पुढचा दात

रंगाच्या दुकानात चौतीस वर्षं रंग कालवल्यावर माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवणार? बाजारात सगळे त्यांना रंगकाका म्हणत. भिंतीचा टवका घेऊन गिऱ्हाईक आलं की काका तो दारात उजेडाला धरत, एक डोळा मिटत आणि असा रंग काढून देत की जुनं कुठं संपलं नि नवं कुठं सुरू झालं, हे घरमालकालाही सांगता येत नसे. याचा त्यांना भारी गर्व होता.

पण त्यांचं सगळ्यात अवघड काम त्यांच्याच तोंडात होतं. पंधरा वर्षांपूर्वी शिडीवरून पडून पुढचा एक दात मोडला. कॅप बसवायच्या वेळी काकांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातातलं रंगांचं कार्ड काढून घेतलं, खिडकीशी जाऊन आपल्या चहापिवळ्या दातांशी जुळणारी छटा स्वतः निवडली, आणि कॅप अशी बेमालूम बसली की काकूंनाही ओळखता येईना. जुळणी चोख होती, पण पिवळा तो पिवळाच. फोटो म्हटला की काकांची दातखीळ बसायची.

लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, घरातल्या एकाही फोटोत तुम्ही हसलेले नाही. मी आता लांब जाणार. मला तुमचा एक हसरा फोटो द्या, बाकी काही नको."

लेकीनं एवढंच मागावं आणि बापानं नाही म्हणावं? काका दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दात उजळून देणाऱ्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, कॅप वगैरे काही आहे का? औषध फक्त खऱ्या दातांवर चालतं."

तुम्हीआम्ही सरळ हो म्हटलं असतं. काका म्हणाले, "तूच ओळख."

मुलीनं बॅटरी मारली, आरसा फिरवला. "छे, सगळे तुमचेच आहेत की!"

काकांना इतका आनंद झाला की पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

तासाभरानं आरशात बघतात तो काय! सगळे दात धुतलेल्या कपांसारखे लख्ख, आणि बरोबर मधोमध एकटा पिवळा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "एक दात विसरली वाटतं ती!"

काका तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "कॅप उजळत नसते, काका. ती बदलावी लागेल. पण दोन आठवडे थांबा. उजळलेल्या दातांचा रंग आधी बसू दे, मग जुळवू."

काकांना हे पटलंच. ओल्या भिंतीशी रंग जुळवू नका, असं ते स्वतःच गिऱ्हाइकांना बजावत. "पण लग्न सोमवारी आहे हो!"

"मग तात्पुरती बसवते. ती तंतोतंत जुळणार नाही, एवढंच."

न जुळणारी कॅप, तीही रंगकाकांच्या तोंडात! काका उठलेच.

"आणि चहा, कॉफी बंद!" बाई मागून ओरडल्या. "आत्ता दात रंग पटकन धरतात."

काका दारात थबकले. गडद रंग फिका करणं कठीण, फिका गडद करणं मात्र डाव्या हाताचा मळ, हे त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होतं. बाईंनी पथ्य सांगितलं आणि काकांनी ते कृती म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते कोऱ्या चहाचा घोट तोंडात धरून बसू लागले. एका गिऱ्हाइकानं समोर उभं राहून सांगितलं, की पलीकडच्या दुकानातलं मशीन तुमच्यापेक्षा चांगला रंग जुळवतं. काकांना गिळताही येईना आणि थुंकताही येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! घरी काकूंना मात्र रान मोकळं मिळालं. चार दिवस नवऱ्यानं उलट उत्तर दिलं नाही.

रविवारी संध्याकाळी रंग जवळजवळ जुळला. शहाणा माणूस तिथं थांबला असता. काका म्हणाले, "अजून एक हात मारू."

सोमवारी सकाळी कॅप होती तशीच होती, पण बाकीचे दात तिच्याही पुढं जाऊन तपकिरी पडले होते, आणि तेही धड सारखे नाहीत, ठिपक्याठिपक्यांनी. आगीतून निघून काका फुफाट्यात पडले होते.

लग्न नोंदवायच्या कचेरीत सह्या झाल्या. फोटोवाल्यानं बापलेकीला शेजारी उभं केलं. "काका, हसा."

काकांनी ओठ घट्ट मिटले. लेकीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आणि कॅमेऱ्याकडं तोंड केलं. तिचा पडलेला चेहरा काकांना बघवेना. त्यांनी तोंडावर हात धरून तिच्या कानात सगळं सांगून टाकलं.

फोटोवाल्याचे कान तिखट. "एवढंच ना? हसा बिनधास्त. नंतर कॉम्प्युटरवर सगळे पांढरे करून टाकतो."

"पांढरे?" काकांचा हात खाली आला. "कुठला पांढरा?"

"म्हणजे... पांढरा."

"अरे, पांढरा काय एकच असतो? दुधी वेगळा, मोतिया वेगळा, चुन्याचा वेगळा! माझ्या लेकीच्या लग्नात तू डोळे मिटून डबा ओतणार? हा बघ, याच्यात पिवळा आहे! याच्यात तपकिरी चढलाय! हा तर दोन्हीकडून गेलाय!" काका एकेका दातावर बोट ठेवून दाखवत होते. कचेरीतला साहेबही शिक्का खाली ठेवून बघायला लागला.

लेक आधी खांदे हलवत हसली, मग पोट धरून हसली, मग बापाच्या दंडाला लटकून हसली. तिला तसं बघून काकांचाही राग ढासळला आणि ते खदाखदा हसले. फोटोवाल्यानं संधी साधली.

"आता सांगा काका, कुठला पांढरा देऊ?"

"हात लावायचा नाही," लेक म्हणाली.

तो फोटो ती बरोबर घेऊन गेली आणि नव्या घरात शिरल्या शिरल्या दिसेल असा तिनं लावला. काकांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट जुळणी आता येणारे-जाणारे रोज बघतात. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी काकूंना दोनदा विचारलं, "दारासमोरच लावलाय ना? नक्की?"